सात टोप्या

"मना घरा जावाचा हाय."

ममताने मागे वळूनही पाहिलं नाही. ओट्यावर सात ताटं, कुकरची शिट्टी झालेली, बाहेरच्या खोलीत पोरांचा नुसता कालवा. घोडबंदरला दिवसभर गावच्या पोरांत हुंदडून ही कार्टी घरी आली की तासभर तशीच बोलायची, त्यात नवल ते काय? "घरीच आहेस," ती म्हणाली. "हात धू आणि गप जेवायला बस."

"हा आमचा घर न्हाय."

मग ती वळली. दारात पिवळी टोपी उभी होती. टोपी रसिकाचीच, हनुवटीखालचं इलॅस्टिक ममताने काल स्वतःच्या हाताने शिवलं होतं. खाली मळका फ्रॉक, पायात वाळे, पोटऱ्यांपर्यंत वाळलेला चिखल. आणि चेहरा कुणा परक्याच मुलीचा. ममताच्या हातातली पळी कलती झाली, गरम वरण पायावर सांडलं, तरी तिला चटका कळला नाही.

"रसिका कुठंय?" तिने विचारलं. बाहेरची सहा पोरं दाराशी गोळा झाली. रसिकाचा थोरला भाऊ नीरज म्हणाला, "पुढे तुमच्याजवळ बसली होती ना?"

"आणि ही?"

"आम्हाला वाटलं तूच घेतलीस हिला. राहायला."

यात पोरांची चूक म्हणावी तर कशी? नवरा-बायको दोघंही नोकरीवाले, आठवडाभर घरात कुणाचं तोंड कुणाला दिसायचं नाही. म्हणून मे महिन्यातले सगळे रविवार ईश्वरने पोरांच्या नावावर केले होते. आपली दोन, बहिणीची तीन, भावाची दोन. मित्राची मॅटाडोर, ताडपत्रीचा तंबू, गळ्यात शिट्टी. उत्तन झालं, वज्रेश्वरी झाली, आज घोडबंदरचा किल्ला. पोरं सांडू नयेत म्हणून त्याने एकसारख्या पिवळ्या टोप्या आणल्या होत्या, आणि निघताना मागचं दार उघडून टोप्या मोजायचा. तेवढंच. आजही अंधारून आलेल्या गाडीत त्याने बोट फिरवलं, सात म्हणाला आणि दार लावलं. आपला नवरा किती शिस्तीचा, म्हणून ममताला तेव्हा बरंसुद्धा वाटलं होतं.

पण त्याच्या पाच मिनिटं आधी तिनेच रसिकाला सांगितलं होतं, "जा, त्या गिरिजाताईंची पाण्याला आणलेली कळशी देऊन ये पळत." सांगितलं आणि तंबूच्या दोऱ्या गुंडाळत बसली. विसरली. सात वर्षांची पोर, एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला ट्रकांचा हायवे, आणि आई विसरली.

ममता तशीच जिना उतरली. परकी पोर तिच्या कडेवर होती. ईश्वर खाली गाडी पुसत होता. त्याने आधी टोपीकडे पाहिलं, मग टोपीखाली, आणि हातातलं फडकं तसंच धरून म्हणाला, "पण मी मोजलं होतं."

"गाडी काढ," ममता म्हणाली.

त्यांच्या इंद्रलोक वसाहतीपासून घोडबंदर तसं लांब नाही, पण त्या रात्री रस्ता काही सरेना. ईश्वर दर दोन मिनिटांनी काहीतरी बोलायला जायचा आणि गिअर बदलायचा. समोरून ट्रक आला की ममता डोळे मिटून घ्यायची. मांडीवरची पोर मात्र खुशीत होती. तिचं नाव आशा. रसिकाने टोपी दिली, टोपीवाली पोरं गाडीत चढली, म्हणून हीही चढली. इतकं सरळ होतं ते. "तुझ्या आईला सांगितलं होतंस का गं?" ममताने विचारलं. "न्हाय," आशा म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

गावात शिरताच कंदील दिसले. अर्धा गाव खाडीवर जमला होता. छातीभर पाण्यात एक माणूस हाताने तळ चाचपत होता. तो आशाचा बाप, परशुराम. तिची आई गिरिजा काठावर फतकल मारून बसली होती, तिचा आवाज कधीच बसला होता. आशा गाडीतून उतरली तेव्हा तिने आधी पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला, मग तिला असं कवटाळलं की पोरीला श्वास घेता येईना. परशुराम पाण्यातच उभा राहिला. ईश्वरकडे बघून एवढंच म्हणाला, "सायब, आमी पोर गेली म्हून बसलोव."

ईश्वरने हात जोडले.

रसिका काठाजवळच्या घराच्या पडवीत बसली होती. कुणीतरी तिच्या हातात भाकरी दिली होती, ती तशीच होती. ममता धावली, तिला उचललं, हात पाहिले, पाय पाहिले, केस हुंगले. पोर सुखरूप होती. ममताला रडू आवरेना. रसिका मात्र रडत नव्हती. ती आईच्या तोंडाकडे नीट बघत होती.

"आई, आधी कोणाच्या लक्षात आलं? तुझ्या की बाबांच्या?"

ईश्वर मागे येऊन उभा राहिला होता. त्याने मान खाली घातली.

"माझ्या, बाळा," ममता म्हणाली. "माझ्याच."

तोवर गिरिजा लेकीला कडेवर घेऊन पडवीत चढली होती. आशाने आईच्या खांद्यावरून मान वर केली.

"न्हाय," ती म्हणाली. "मी सांगलं."