गुलाबी टिकेना

बीएस्सीची सगळी प्रॅक्टिकल्स आम्ही कॉम्प्युटरवर केली आणि परीक्षा मात्र खऱ्याखुऱ्या प्रयोगशाळेत लागली. रंग गुलाबी झाला की ब्युरेटच्या काचनळीची तोटी बंद करून आकडा लिहायचा, एवढं पाठ होतं. फ्लास्कमधलं पाणी गुलाबी झालं, मी तोटी आवळली, पेन उचललं, तर रंग गायब! अजून एक थेंब सोडला; रंग आला, पुन्हा उडाला. कॉम्प्युटरवरचा रंग कधीच उडत नसे. आता खरा आकडा कुठला? बाहेरून आलेले परीक्षक जवळ येत होते. "सर जी, ये टिक क्यों नहीं रहा?" मी आमच्या केमिस्ट्रीच्या मंदार सरांना विचारलं. प्रेम नगरात आमच्या शेजारी राहणारे सर या हिंदी मुलखातल्या कॉलेजात चुकूनही मराठी बोलत नाहीत. फ्लास्क उजेडात धरून, कुणाला कळू नये म्हणून ते मराठीत पुटपुटले, "मुग्धा, आमच्या वेळी कॉम्प्युटरवर तर टिकला होता गं!"