शेवटचा डबा

रंगाचा डबा आला की रखमाबाई तो उलटासुलटा करून बघत, झाकणाच्या कडेनं नख फिरवत आणि सील आपल्या डोळ्यांदेखत तोडायला लावत. गुजराती रंगारी हितेश ते बघत उभा राही. काम अर्ध्यावर असतानाच बाईंना दवाखान्यात हलवावं लागलं. परतल्या, तर त्यांचं सुभानपुऱ्याचं घर रंगून लख्ख!

"डबे कुणी तपासले रे?" त्यांनी दारातच विचारलं.

हितेशनं मोबाइल पुढे धरला. प्रत्येक डब्याचा व्हिडिओ होता. उलटासुलटा केलेला डबा, कडेनं फिरणारं हितेशचं नख, मग तुटणारं सील.

मग त्यानं शेवटचा सीलबंद डबा तपासायला पुढे सरकवला. "मावशी, तुमची खोली बाकी छे. आ डबो जोई लो."

रखमाबाईंनी डब्याला हातही लावला नाही.

"फोड तू. मी चहा टाकते."