काळ्या पेजवरची होडी

"किती गोड पिवळं आहे हे!" नेत्रा म्हणाली.

विलासराव चमकले. त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवरचं पेज तर काळंकुट्ट होतं.

"आधी तो चष्मा काढ," ते लेकीवर वैतागले. "सकाळपासून खपून मी ही जुनी वेबसाइट पुन्हा चालू केली आणि तुझ्या चष्म्याने तिची पार वाट लावली."

नेत्रा घुटमळली. चष्म्याशिवाय तिने आजवर एकही पेज पाहिलं नव्हतं. आता कुणीच पाहत नसे. चष्मा प्रत्येकाला प्रत्येक पेज त्याच्या आवडीप्रमाणे नव्याने बनवून दाखवायचा. वेबसाइट बनवण्याचं विलासरावांचं काम त्यातच संपलं होतं.

तिने चष्मा काढला. "बाबा, इथं काहीच नाहीये."

"माऊस हलव."

काळोखात दीपगृहाचा झोत फिरला. झोत जाईल तिथे लाटा, खडक, अक्षरं उजळायची आणि पुन्हा अंधारात बुडायची. कॉलेजात असताना विलासरावांनी ही वेबसाइट पाहिली होती आणि त्याच दिवशी ठरवलं होतं, आपणही हेच करायचं. ती बनवणारा कोण, ते मात्र त्यांना कधीच कळलं नाही.

नेत्राचा हात हळूहळू कोपऱ्याकडे सरकला.

"बाबा! इथं एक होडी आहे! आतून कुणीतरी कंदील हलवतंय!"

ती होडी विलासरावांनी हजारदा पाहिली होती. ते खुर्ची ओढून नेत्राच्या शेजारी बसले आणि स्क्रीनजवळ वाकले.

"कुठे गं? दाखव बघू."