उसव!

बाबांच्या शिलाईच्या दुकानात दिवसभर एकच शब्द ऐकू यायचा: "उसव!" कॉलर जरा वाकडी दिसली, उसव. काजं एका रेषेत नाहीत, उसव. चार वर्षं हेच ऐकून लेकीचे कान किटले होते. त्यात भर म्हणून पिंजऱ्यातला आफ्रिकन ग्रे पोपटही हुबेहूब बाबांच्या आवाजात "उसव!" असं खेकसायचा.

"तुम्हीच शिकवलंय त्याला," ती एकदा वैतागून म्हणाली.

"मी कशाला पाखराशी बोलत बसू? मला कामं नाहीत?"

आज मात्र तिचा निश्चय झाला होता. समोरच्या दुकानात काम मिळत होतं. हातातला कोट बाबांपुढे ठेवायचा आणि सांगून मोकळं व्हायचं.

बाबांनी कोट उजेडात धरला, उलटापालटा करून पाहिला.

"कॉलर उसव."

"बाबा, उद्यापासून मी..."

"वा! काय हात आहे पोरीचा!" मागून बाबांचाच आवाज आला. "एवढी सफाई मला जन्मात जमली नाही."

ती चमकून वळली. पोपट मान वाकडी करून तिच्याकडे बघत होता. बाबा कानापर्यंत लाल झाले. त्यांनी हाताला लागलं ते अस्तराचं कापड घाईघाईने पिंजऱ्यावर टाकलं आणि घसा खाकरला.

"उद्यापासून काय म्हणत होतीस?"

"उद्यापासून अर्धा तास लवकर येईन म्हणत होते," ती म्हणाली, आणि हसू दाबत कॉलर उसवायला बसली.

कापडाखालून हळूच बाबांचा आवाज आला, "तिला मात्र सांगू नकोस हं, राजा!"