नानांच्या कार्डाची नोंद

करदोड्याला बांधलेलं नानांचं कार्ड कमरेखाली जेमतेम चार सेंटिमीटर लोंबत होतं. त्यामुळे क्रूझवरची खोली उघडताना ते कुलपाला पोट टेकवत. माझा नवरा हसायचा. मी नोंद ठेवत होते. आई गेल्यापासून भाऊ म्हणत होता, "नाना विसरायला लागलेत, त्यांना जळगावला तुझ्याकडे ने." नानांना साक्रीचं घर सोडायचं नव्हतं. वर्षभर मी काहीच ठरवलं नव्हतं. इथे चार दिवसांत त्यांचं कार्ड हरवलं नाही, शेकडो सारख्या दारांत आपलं दारही चुकलं नाही. शेवटच्या सकाळी मीच बंद खोलीसमोर पर्स उपसत होते. नाना तीन मजले जिन्याने चढून आले. "हाई ले तुनं कार्ड. न्याहारीना टेबलवर राही गयथं. आनी म्हने सायन्सनी मास्तरीन!" इतका अभिमान मला कुठल्याच विद्यार्थ्याचा वाटला नव्हता. "नाना," मी म्हणाले, "तुम्ही साक्रीलाच राहा."