आई सगळ्यांत वर

नेटवर्क इंजिनिअरची नोकरी हमी देण्याची होती: चित्र अडणार नाही, आवाज तुटणार नाही. अशी हमी एकाला द्यायची तर दुसऱ्याच्या वाट्याचं काढून घ्यावं लागतं. हे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही.

दूरच्या इस्पितळात त्याची आई अखेरच्या घटका मोजत होती. म्हणून त्याने घरच्या नेटवर्कवर तिच्या व्हिडिओ कॉलला प्राधान्यक्रमात सगळ्यांत वर ठेवलं. पडद्यावर आई लख्ख दिसू लागली.

"चला, घरातलं एक तरी काम तुझ्या हातून नीट झालं," शेजारी उभी बायको म्हणाली. तिचे ओठ आधी हलले, आवाज मागून आला.

तो हसणार, एवढ्यात समोर जेवणाऱ्या मुलीचा घास ओठांपाशी थांबला.

"चिमणे?"

तिची पापणीही हलली नाही. बायको हात उचललेला तसाच ठेवून उभी.

त्याने घाईघाईने आईचा कॉल खाली आणला. मुलगी घास चावू लागली. पडद्यावर आईचा चेहरा चौकोनांत फुटला आणि तिच्या उशाचं यंत्र एकसारखं किंचाळू लागलं.

"बाबा, आजीला काय होतंय?"

त्याने कॉल पुन्हा वर नेला.

"आत्ता कसं बरं वाटलं," आई म्हणाली. "घरातही किती शांत आहे रे आज. असंच राहू दे, राजा."