माझ्या हातचं

नाचणीचं पीठ, उकडलेला लाल भोपळा आणि एक अंडं. मीठ नाही, साखर नाही. सुमित्राने खरपूस भाजलेली बिस्किटं परातीत घालून सम्राटपुढे ठेवली. त्याने तोंड फिरवलं.

सम्राट पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेला कुत्रा. परक्या हातचं खायचं नाही, हे त्याच्या अंगात मुरलेलं. त्याला घरी आणणारे आणि रोज स्वतःच्या हाताने भरवणारे हवालदार, म्हणजे सुमित्राचे यजमान, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते आणि सम्राट कालपासून उपाशी होता.

तिने फोन लावला. "अहो, हा बिस्किटालाही शिवत नाही."

"फोन त्याच्या कानाशी धर," म्हणत त्यांनी हुकूम सोडला, "सम्राट, खा!"

सम्राटने कान टवकारून फक्त दाराकडे पाहिलं.

ती त्याच्याशेजारी फरशीवर बसली. "मलाही घास उतरत नाही रे," म्हणत तिने बिस्कीट मोडलं, अर्धं स्वतः खाल्लं, अर्धं तळहातावर धरलं. सम्राटने हात हुंगला, तिच्याकडे पाहिलं आणि बिस्कीट अलगद उचललं.

"खाल्लं हो, माझ्या हातचं!" ती फोनमध्ये ओरडली.

"मग मलाही चार पाठव," पलीकडून हसत उत्तर आलं.

तोवर सम्राटने परातीतच तोंड घातलं होतं.